टिक विकार : मुलांसाठीची औषधे

मनात नसताना अचानक आणि पुन्हापुन्हा होणाऱ्या हालचालींना किंवा आवाजांना टिक म्हणतात. डोळे मिचकावणे, खांदा उडवणे, मान झटकणे, नाक ओढणे, घसा खाकरणे ही त्यांची नेहमीची रूपे. मूल टिक थोडा वेळ दाबून धरू शकते, म्हणून मोठ्यांना ती ‘वाईट खोड’ वाटते आणि मुलाला ओरडा बसतो. हा त्या मुलावर अन्याय आहे. अनेक हालचालींच्या टिक आणि निदान एक आवाजाची टिक असा त्रास वर्षाहून अधिक काळ राहिला, तर त्याला टूरेट सिंड्रोम म्हणतात. जॉर्ज जिल द ला टूरेट या फ्रेंच वैद्याने १८८५ मध्ये ९ रुग्णांवरून त्याचे वर्णन केले.

टिक बहुधा ४ ते ६ वर्षांच्या वयात सुरू होतात, १० ते १२च्या सुमारास सर्वाधिक असतात आणि पुढे बऱ्याच मुलांमध्ये आपोआप ओसरतात. त्यामुळे औषध कोणते, याआधी औषध हवे का, हे ठरवावे लागते. टिक दिसतात एवढे कारण पुरेसे नाही. मान दुखते, झोप किंवा अभ्यास बिघडतो, वर्गात चिडवले जाते, असे असेल तरच उपचारांचा विचार होतो. तोही आधी वर्तनोपचाराचा. त्यात टिक येण्यापूर्वीची हुरहूर ओळखून तिच्या विरुद्ध हालचाल करायला मुलाला शिकवतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२६ मुलांवरील अमेरिकन अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांना त्याचा स्पष्ट फायदा झाला.

औषधांपैकी क्लोनिडीन आणि ग्वानफसीन सहसा आधी वापरतात. ही मूळची रक्तदाबाची औषधे. त्यांचा परिणाम मध्यम असला, तरी सोबत अतिचंचलता (एडीएचडी) असलेल्या मुलांना ती विशेष उपयोगी पडतात. झोप येणे, रक्तदाब उतरणे हे त्यांचे त्रास. घरच्यांनी ती एकाएकी बंद करू नयेत, कारण रक्तदाब उसळून वाढू शकतो.

अधिक प्रभावी औषधे डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे कार्य रोखणारी आहेत. त्यातले हॅलोपेरिडॉल १९६१ पासून टूरेटसाठी वापरात आले. तोवर या विकाराचे मूळ मनोविश्लेषणातून, बरेचदा आईवडिलांच्या वागण्यात शोधले जाई. औषधाने टिक कमी होताना दिसल्या, तेव्हा मेंदूच्या कार्याकडे लक्ष वळले. परंतु स्नायू आखडणे, बेचैनी, सुस्ती यांमुळे ते आता मागे पडले आहे. याच गटातले पिमोझाइड देताना हृदयाचा आलेख काढावा लागतो आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक टाळावे लागते. आज ॲरिपिप्रॅझोल आणि रिस्पेरिडोन अधिक दिली जातात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये ॲरिपिप्रॅझोलला मुलांमधील टूरेटसाठी मान्यता दिली. या दोन्ही औषधांनी भूक आणि वजन वाढू शकते. म्हणून वजन, साखर व चरबीची तपासणी ठरावीक काळाने करतात. काही वेळा टोपिरामेट हे मूळचे अपस्माराचे (फिट्सचे) औषध देतात, तर एखादीच टिक फार त्रासदायक असल्यास त्या स्नायूत बोटुलिनम टॉक्सिन हे स्नायू सैल करणारे औषध टोचतात.

अतिचंचलतेवरील मेथिलफेनिडेटने टिक वाढतात अशी समजूत होती. २००२ मधील १३६ मुलांच्या अभ्यासात तसे आढळले नाही.

औषध अल्प मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. टिक मुळातच कमीजास्त होत असल्याने एखाद्या आठवड्याच्या चढउतारावरून मात्रा बदलणे घाईचे ठरते. टिक पूर्ण थांबणे क्वचितच घडते. त्या हट्टापायी मात्रा वाढवत नेली, तर मूल दिवसभर पेंगते आणि अभ्यास आणखी मागे पडतो. काही महिने स्थिती चांगली राहिली, की डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा उतरवत औषध लागते का, हे पुन्हा पाहतात.