साठवलेले पाणी आणि मुरवलेले पाणी

उन्हाळ्यात टँकरचे बिल वाढले की गृहनिर्माण संस्थेच्या सभेत 'रेनवॉटर हार्वेस्टिंग' करून घेण्याचा ठराव सहसा एकमताने मंजूर होतो. परंतु गच्चीवरचे पाणी टाकीत साठवायचे आहे की जमिनीत मुरवायचे आहे, हा प्रश्न मात्र पुष्कळदा विचारलाच जात नाही. गच्ची, तिचा उतार आणि पाणी खाली आणणारा पाइप एवढे दोन्ही व्यवस्थांत सारखेच असते. त्या पाइपाच्या खालच्या टोकापासून मात्र दोन्हींचा हिशेब, देखभाल आणि लाभार्थीही बदलतात.

आधी मोजमाप पाहू. 100 चौरस मीटर छतावर 1 मिलिमीटर पाऊस पडला, तर 100 लिटर पाणी जमते. पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटरच्या आसपास धरला आणि बाष्पीभवन, गळती, पहिल्या सरींचे सोडून दिलेले पाणी यांसाठी पाचवा हिस्सा वजा केला, तर वर्षाला सुमारे 56,000 लिटर हाती येऊ शकतात. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज 135 लिटर हा मापदंड धरतात. त्या हिशेबाने चौघांच्या कुटुंबाला हे पाणी शंभर दिवस पुरेल. कागदावर हे आकर्षक दिसते. अडचण अशी की हे पाणी मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात येते आणि टंचाई मार्चनंतर सुरू होते. 10,000 लिटरची टाकी सव्वाशे मिलिमीटर पावसात काठोकाठ भरते. पुढचा पाऊस तिच्या दृष्टीने असून नसल्यासारखा. ती टाकी एप्रिलमध्ये उघडून सगळ्या वापरासाठी घेतली, तर त्याच कुटुंबाला अठरा-एकोणीस दिवसांत तळ दिसेल.

म्हणून साठवणुकीची टाकी उन्हाळ्यासाठी कुलूपबंद ठेवण्याची पद्धत मला फारशी शहाणपणाची वाटत नाही. भर पावसाळ्यात शौचालयासाठी, कपडे धुण्यासाठी आणि फरशी पुसण्यासाठी त्यातले पाणी रोज काढले, तर टाकी प्रत्येक मोठ्या सरीनंतर पुन्हा भरते आणि हंगामभरात आपल्या क्षमतेच्या कितीतरी पट नळाचे पाणी वाचवते. शेवटच्या पावसाने भरलेली टाकी तेवढी बागेसाठी राखावी. रोज 100 लिटर दिले, तर ती ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत कुंड्या आणि वाफे सांभाळते. बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन असेल, तर आणखी थोडी पुढे जाते. छोट्या टाकीकडून याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

मुरवण्याचे गणित छताच्या आकारावर कमी आणि पायाखालच्या जमिनीवर अधिक अवलंबून असते. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, थरांनी व्यापलेला आहे. वरच्या कुजलेल्या खडकात, म्हणजे मुरुमात, आणि खालच्या खडकाच्या फटी-भेगांत पाणी राहू शकते. सलग, घट्ट कातळात ते जवळजवळ शिरतच नाही. कान्हेरीच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीपासून खडकात टाकी कोरून पावसाचे पाणी साठवता आले, ते खडक पाणी झिरपू देत नाही म्हणूनच. जो गुण साठवणुकीला उपकारक ठरतो, तोच पुनर्भरणाच्या, म्हणजे पाणी मुरवून भूजल वाढवण्याच्या, आड येतो. काळ्या मातीची अडचण निराळी आहे: ती भिजली की फुगते आणि पाण्याची वाट बंद करते. त्यामुळे पाणी मुरवण्याचा खड्डा काळ्या मातीच्या थरातच संपवला, तर तो पावसाळाभर डबक्यासारखा तुंबून राहतो. तो मुरुमापर्यंत नेणे आवश्यक असते, आणि मुरूम किती खोल आहे हे शेजारच्या विहिरीच्या कडा पाहूनही पुष्कळदा समजते.

मुरवलेले पाणी आपल्या मालकीचे राहत नाही, ही गोष्ट ठेकेदार सहसा सांगत नाहीत. ते उताराच्या आणि भेगांच्या दिशेने जाते आणि आपल्या बोअरऐवजी खालच्या अंगाच्या एखाद्या विहिरीत उतरू शकते. कोकणातल्या जांभ्यात पाणी झपाट्याने मुरते आणि तितक्याच झपाट्याने डोंगरउतारावरच्या झऱ्यांतून निघून जाते. म्हणूनच भरपूर पावसाच्या प्रदेशातल्या विहिरीही उन्हाळ्यात आटतात. पुनर्भरण निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. एकट्या बंगल्यापेक्षा संपूर्ण आळीने किंवा वसाहतीने मिळून ते केले, तर भूजलाची पातळी खरोखर सावरते. परंतु त्याचा लाभ सामायिक असतो, हे ओळखूनच खर्चाला हात घालावा.

काही ठिकाणी निवड जमिनीनेच करून ठेवलेली असते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजलच खारट आहे. तिथे मुरवलेले गोडे पाणी खाऱ्यात मिसळते, म्हणून घरच्या वापरासाठी टाकीच योग्य. समुद्रकाठच्या सखल वस्तीतही, पावसाळ्यात भूजल जमिनीलगत येत असल्यास, पुनर्भरणाच्या खड्ड्यात पाणी घ्यायला जागाच उरत नाही.

स्वच्छतेच्या बाबतीत दोन्हींना पहिल्या पावसाचे पाणी नकोच, कारण त्यात छतावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि पालापाचोळा असतो. टाकीतले पाणी बिघडले, तर वास येतो, टाकी उपसून धुता येते. प्रकाश आत जाऊ दिला नाही आणि तोंडाला जाळी लावली, की शेवाळ आणि डास दोन्ही टळतात. भूजलात गेलेली घाण मात्र उपसून काढता येत नाही. म्हणून गच्चीचा पाइप थेट बोअरमध्ये सोडणे हा मला सर्वांत धोकादायक प्रकार वाटतो. मध्ये खडी आणि वाळूचे गाळण असलेच पाहिजे. त्याच कारणाने न्हाणीघराच्या सांडपाण्याचा शोषखड्डा आणि पुनर्भरणाचा खड्डा एक करू नयेत, आणि शोषखड्डा विहिरीपासून व बोअरपासून दूरच ठेवावा.

जागा आणि जमीन दोन्ही अनुकूल असतील, तर टाकी आधी व खड्डा नंतर, हा क्रम सोयीचा पडतो. टाकी भरल्यावर उतू जाणारे पाणी खड्ड्याकडे न्यावे. टाकीत बराच गाळ खाली बसलेला असल्याने खड्ड्याचे गाळणही उशिरा चोंदते. तरीही दरवर्षी मे महिन्यात वाळूचा वरचा थर खरवडून काढून तिथे नवी वाळू टाकावी लागतेच.