डेस्कटॉप सपोर्टनंतर पुढचे सर्टिफिकेशन : निवड, पात्रता, ओळखपत्र आणि नोंदणी

आधी स्वतःची तिकिटे, म्हणजे तुमच्याकडे आलेल्या तक्रारींच्या नोंदी, बघा. गेल्या दोन-तीन महिन्यांत जी तुम्हाला बंद करता आली नाहीत, एल-टूकडे, म्हणजे वरच्या पातळीच्या सपोर्टकडे, ढकलावी लागली, तेवढीच बाजूला काढा. ‘लॅपटॉपवर पॉलिसी येत नाही’, ‘नवीन मशीन ऑटोपायलटमध्ये अडकले’, ‘बिटलॉकर की मागतोय’ अशी त्यात जास्त असतील (ऑटोपायलट म्हणजे नवे मशीन आपोआप सेट होण्याची सोय, बिटलॉकर म्हणजे डिस्कचे कुलूप), तर पुढची परीक्षा मायक्रोसॉफ्टची. व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) किंवा डीएचसीपी (मशीनला आयपी पत्ता देणारी सोय) म्हटले की तिकीट नेटवर्क टीमकडे जात असेल, तर नेटवर्किंगची. क्लासवाले हा हिशेब मांडत नाहीत. ज्या बॅचमध्ये जागा शिल्लक असते, तीच त्यांना तुमच्यासाठी योग्य वाटते.

पात्रता कोणाची?

इथे पदवीची अट नाही. बारावी, आयटीआयचा कोपा ट्रेड, डिप्लोमा, बीकॉम, कोणीही थेट परीक्षेला बसू शकतो. मार्कशीट, लिव्हिंग, डोमिसाइल यांतले काही कोणी मागत नाही. एमएस-सीआयटी सरकारी भरतीच्या अर्जात लागते, या परीक्षांशी तिचा संबंध नाही.

अनुभवाचे आकडे दिलेले असतात, पण ती शिफारस असते, अट नव्हे. कॉम्पटिया ही परीक्षा घेणारी संस्था ए प्लस या सपोर्टच्या पायाभूत सर्टिफिकेशनसाठी साधारण वर्षभराचे प्रत्यक्ष काम सुचवते, सिक्युरिटी प्लस या सुरक्षेच्या परीक्षेसाठी दोन वर्षांचे. अनुभवाचा दाखला मात्र मागत नाही.

कोणती परीक्षा कोणासाठी

ए प्लसच्या दोन परीक्षा असतात आणि दोन्हींची फी स्वतंत्र भरावी लागते. सध्याची मालिका २२०-१२०१ आणि २२०-१२०२ ही आहे. प्रत्येकीला ९० मिनिटे आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. पहिलीत ९०० पैकी ६७५ आणि दुसरीत ७०० गुण लागतात. दोन्ही परीक्षा एकाच मालिकेतल्या हव्यात. जुनी ११०१ पास होऊन थांबलेल्यांची २०२५ च्या सप्टेंबरमध्ये इथेच पंचाईत झाली, कारण तेव्हा ती मालिका बंद झाली आणि अर्धे यश वाया गेले. माझे स्पष्ट मत सांगतो. दोन वर्षे टेबलाखाली वाकून केबल बदलणाऱ्याने भारतातल्या नोकरीसाठी ए प्लसवर दोन फी घालवू नयेत. अमेरिकेतल्या हेल्पडेस्कच्या जाहिरातींत ते नाव सर्रास दिसते, तिकडे जायचे असेल तर गोष्ट वेगळी.

मायक्रोसॉफ्टची एमडी-१०२ ही डेस्कटॉपवाल्यांना सगळ्यात जवळची. इन्ट्यून (ऑफिसची मशीन दुरून सांभाळण्याची मायक्रोसॉफ्टची सेवा), ऑटोपायलट, अपडेट्स, ॲप्स पाठवणे, कम्प्लायन्स पॉलिसी (मशीन कंपनीच्या नियमांत बसते का हे तपासणे) असा तिचा विषय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला आणि कितीतरी ऑफिसांत मशीन बदलण्याची घाई झाली. त्या कामात पेनड्राइव्ह घेऊन फिरणाऱ्यापेक्षा इन्ट्यून येणाऱ्याला मागणी. १००० पैकी ७०० गुणांना पास. परीक्षा चालू असताना मायक्रोसॉफ्ट लर्न या कंपनीच्या माहितीच्या साइटची पाने उघडायला परवानगी आहे, पण घड्याळ थांबत नाही. त्यामुळे पान कुठे आहे हे आधीच ठाऊक असणाऱ्यालाच तिचा उपयोग. नोकरीच्या जाहिरातीत अजून ‘एमसीएसए हवे’ असे लिहिलेले दिसले तर घाबरू नका, मायक्रोसॉफ्टचे ते जुने सर्टिफिकेट ३१ जानेवारी २०२१ ला बंद झाले. एचआरने जुनीच जाहिरात पुन्हा टाकलेली असते.

नेटवर्किंगसाठी सिस्कोची सीसीएनए, २००-३०१. दोन तासांची एकच परीक्षा आणि आधीची कोणतीही पायरी सक्तीची नाही. फी ३०० डॉलर, वर कर. म्हणून सबनेटिंग, म्हणजे आयपी पत्त्यांचे गट पाडण्याचा हिशेब, बोटांवर आल्याशिवाय तारीख घेऊ नका. आयटीआयएल फाउंडेशन, म्हणजे आयटी सेवेच्या कामपद्धतीची परीक्षा, सोपी आहे. टीम लीड व्हायचे असेल किंवा मोठ्या सर्व्हिस कंपनीत जायचे असेल तर करा. तांत्रिक हात त्याने सुधारत नाही.

कागद एकच, पण नाव जुळायला हवे

लागते ते फक्त ओळखपत्र. मूळ, मुदतीतले, फोटो आणि सही असलेले सरकारी. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालेल असे धरून जाऊ नका. पासपोर्ट सगळ्यात बिनघोर. तो नसेल तर वाहन परवाना किंवा दुसरे काय चालते, ते पिअर्सन व्ह्यू या परीक्षाकेंद्रे चालवणाऱ्या कंपनीच्या ओळखपत्रांच्या यादीत नोंदणीपूर्वीच बघा. आधारवर सही नसते, त्यामुळे एकट्या आधारच्या भरवशावर केंद्र गाठू नका. पॅनकार्ड जोडीला खिशात असू द्या.

आपल्याकडची खरी अडचण नावाची. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. परवान्यावर कधी मधले नाव पूर्ण, कधी नुसते अक्षर. फॉर्म भरताना आपण सवयीने शाळेतला क्रम लिहितो आणि केंद्रावरची व्यक्ती ओळखपत्र हातात धरून मान हलवते. म्हणून उलट्या बाजूने चला. जे ओळखपत्र नेणार ते आधी समोर ठेवा आणि त्यावरचे इंग्रजी स्पेलिंग पाहून पहिले नाव व आडनाव भरा. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी जास्त जपावे. पॅन माहेरच्या नावाचे आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा असेल, तर ही जोडी चालणार नाही. चूक लक्षात आलीच तर परीक्षेच्या दिवसाची वाट न बघता दुरुस्तीची विनंती टाका. तिला काही दिवस लागू शकतात.

नोंदणी

ज्या कंपनीची परीक्षा, तिच्या साइटवर खाते उघडायचे, परीक्षा निवडायची आणि तिथून पिअर्सन व्ह्यूवर जाऊन केंद्र, तारीख आणि वेळ घ्यायची. आयटीआयएलचा मार्ग वेगळा, तो पीपलसर्ट या परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून. मायक्रोसॉफ्टसाठी खाते वैयक्तिक ईमेलवरच उघडा. ऑफिसच्या आयडीवर उघडलेत, तर नोकरी सुटली की तो आयडी बंद होतो आणि सर्टिफिकेट कोणाचे हे सिद्ध करत बसावे लागते. परीक्षा मराठीत नाही. तुमच्या भाषेत परीक्षा उपलब्ध नसेल तर मायक्रोसॉफ्टकडे ३० मिनिटे जास्त मागता येतात. मात्र ती विनंती मंजूर झाल्यावरच तारीख घ्यावी.

कॉम्पटियाचे व्हाउचर (आधीच फी भरून मिळणारा कोड) घेत असाल तर ते भारतासाठीचेच आहे ना, हे तपासा. परदेशातल्या भावाने पाठवलेले इथे चालेलच असे नाही. मुदत बारा महिन्यांची आणि पैसे परत नाहीत. तारीख बदलायची तर मायक्रोसॉफ्ट आणि कॉम्पटिया दोन्हीकडे किमान २४ तास आधी.

घरी की केंद्रावर?

घरून देता येते, पण माझा कौल केंद्राला. घरी अर्धा तास आधी चेक-इन, खोलीचे फोटो, टेबल रिकामे, दुसरा मॉनिटर काढून ठेवलेला, हेडफोन नाही. खोलीत कोणी डोकावले तरी परीक्षा रद्द होऊ शकते, मग ती चहा घेऊन आलेली आई का असेना. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर तीही सोडा. ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका, त्यातला व्हीपीएन आणि फायरवॉल परीक्षेचे सॉफ्टवेअर अडवतात. आणि महावितरणच्या देखभालीचा वार टाळून तारीख घ्या.

‘डम्प्स’, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, विकणारे व्हॉट्सॲपवर भेटतील. ते वापरणे कराराचा भंग आहे. पकडले गेल्यास निकाल रद्द होतो आणि पुढच्या परीक्षांवर बंदी येऊ शकते. शिवाय मुलाखतीत ‘ऑटोपायलटचा हॅश (मशीनची ओळख पटवणारा कोड) कुठून काढलास?’ एवढे विचारले तरी उघडे पडायला होते.

नापास झालात तर मायक्रोसॉफ्टची दुसरी संधी २४ तासांनी आणि त्यापुढची १४ दिवसांच्या अंतराने. सिस्कोला पाच दिवस थांबावे लागते. कॉम्पटियात दुसऱ्या प्रयत्नाला थांबावे लागत नाही, तिसऱ्याला १४ दिवस. फी दर वेळी नव्याने.

पास झाल्यावर मुदत टिपून ठेवा. ए प्लस आणि सीसीएनए तीन वर्षे. एमडी-१०२ चे सर्टिफिकेट एकच वर्ष, पण त्याचे नूतनीकरण घरबसल्या, मोफत आणि पुस्तक उघडून. मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून ती छोटी चाचणी देता येते. तारीख एकदा उलटली की पुन्हा पैसे भरून मूळ परीक्षा.