रफ : बेळगाव सीमाभागातील मराठी वापर

रफ हे इंग्रजीतून मराठीत रुळलेले विशेषण. वाच्यार्थ खडबडीत, खरखरीत. लक्ष्यार्थ कच्चा, ढोबळ, उद्धट, रांगडा. शब्द सगळ्याच मराठी मुलखात चालतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात तो शाळेत एक अर्थ घेतो, कारखान्यात दुसरा, चपलेच्या दुकानात तिसरा आणि माणसाच्या बोलण्याला लागला की चौथा. हा चौथा अर्थ इथल्या मराठीला फार लागलेला आहे.

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचे रूप ‘रूह’ असे होते आणि अर्थ होता केसाळ, राठ. जर्मनमधला ‘राउ’ हे त्याचे भावंड. शब्दाच्या शेवटी लिहिली जाणारी ‘जीएच’ ही अक्षरे पूर्वी घशातून उच्चारली जात. पुढे इंग्रजीतल्या काही शब्दांत तो ध्वनी लोपला, काहींत त्याचा ‘फ’ झाला. मराठीने कानाला आले तेच घेतले. आज घराघरांत ‘केस किती रफ झालेत बघ’ म्हणतात, तेव्हा शब्द नकळत आपल्या मूळ अर्थावर परतलेला असतो. त्यासाठी मराठीत ‘राठ’ हा नेमका शब्द होता. तो आता जुन्या माणसांच्याच तोंडी ऐकू येतो, याची हळहळ वाटते.

शब्द इतक्या सहज रुजला याचे एक कारण व्याकरणात आहे. ‘कच्चा’ लिंगवचनाप्रमाणे बदलतो : कच्चा हिशेब, कच्ची वही, कच्चे काम. व्यंजनान्त विशेषणे मराठीत बदलत नाहीत, त्यामुळे ‘रफ’ कुठेही जसाच्या तसा बसतो : रफ हिशेब, रफ वही, रफ काम. शाळेने तर त्याचे नामच करून टाकले. ‘पहिलं रफमध्ये कर की, मग फेअर कर’ हे वाक्य इथल्या कुठल्याही मराठी शाळेत ऐकू येईल. रफ वही बहुधा विकत आणलेली नसते. वर्ष संपले की जुन्या वह्यांची कोरी पाने सोडवायची, कडा जुळवून ठेवायची, दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याने शिवायची आणि वर कॅलेंडरचे पान उलटे करून घालायचे. तिच्यात एकरेघी, दुरेघी, चौकटीची अशी सगळी पाने एकत्र नांदतात. खाडाखोड करायला मोकळीक देणारी ही एकच वही. म्हणून मुलांच्या तोंडी ‘रफ’ हा शब्द कधीच टोचणारा नसतो.

कारखान्यातला अर्थ याच्या जवळचा, पण जास्त काटेकोर. बेळगाव हे ओतकामाचे आणि यंत्रभागांचे जुने केंद्र असून उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहतींत ‘रफ’ दिवसभर कानावर पडतो. वाळूच्या साच्यातून निघालेल्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, अंगठा फिरवला तर वाळूचे कण जिथे रुतले होते तिथली खरखर कातडीला लागते. फेटलिंगवाला ग्राइंडर लावून वरचे कंगोरे काढतो आणि मग माल लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, चढतो. तिथे आधी ‘रफिंग’, म्हणजे खोल घास घेऊन जादा धातू उतरवणे, पण शेवटच्या हातासाठी थोडी जाडी राखून. नंतर ‘फिनिशिंग’. खडबडीतपणा इथे मोजला जातो. पृष्ठभागावरच्या चढउतारांच्या सरासरीला ‘आरए’ म्हणतात आणि ती मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, देतात. वाळूच्या ओतकामात ती साधारण १२.५ ते २५ असते, ग्राइंडिंगनंतर १.६ किंवा त्याहूनही खाली येते. ‘माल अजून रफ आहे’ या वाक्यात तक्रार नसते. काम कुठवर आले, तेवढेच कळते.

चपलेच्या दुकानात शब्द स्तुतीचा होतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हे आहेत. अथणी तर चपलांसाठीच ओळखले जाते. ‘रफ वापरायला दाखवा की वो’ असे गिऱ्हाइकाने म्हटले की दुकानदार नाजूक वेणीची जोडी बाजूला सारतो आणि जाड तळाची, दुहेरी शिवणीची काढतो. रफ म्हणजे शेतात, चिखलात, रोज घालून टिकणारी.

आता बोलणे. बेळगावची मराठी ‘रफ’ आहे, असे बाहेरून आलेला माणूस दोन दिवसांत म्हणतो. त्याला खटकते ते बहुधा असे असते : वाक्याच्या शेवटी ‘की’ (होय की, बस की), ‘पण’च्या जागी ‘खरं’ (‘येतो, खरं जेवत नाही’) आणि बायकांनी ‘मी आलो’ म्हणणे. यातले काहीही उद्धट नाही. कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नसतो. ‘नानु बंदे’ पुरुषही म्हणतो, बाईही म्हणते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजारात, एकाच गल्लीत दोन भाषा नांदल्या की त्यांची वळणे अशी एकमेकींत उतरतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातला हा जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि सीमावाद आजही सुटलेला नाही. पण ही वळणे त्या तारखेपेक्षा पुष्कळ जुनी आहेत. अशा भाषेला रफ म्हणणे म्हणजे तिला फिनिशिंग व्हायचे राहिलेले कास्टिंग ठरवणे, आणि ते साफ चुकीचे आहे. ‘रांगडी’ म्हणावे, ते तिला शोभते.

इंग्रजीतले सगळेच अर्थ मराठीने घेतलेले नाहीत. समुद्राला आपण रफ म्हणत नाही, तो खवळतो. इंग्रजीत उघड्यावर झोपण्यालाही ‘रफ’ लागतो, मराठीत तो तिथेही लागत नाही. कन्नडमध्ये मात्र ‘ओरटु’ हा एकच शब्द दगडालाही लागतो आणि स्वभावालाही. मराठीत दगड खडबडीत, घडण ओबडधोबड, चेहरा राकट, अंदाज ढोबळ, वागणे आडदांड. दोन्ही भाषा बोलणारा इथला माणूस घाईत असला की या सगळ्यांसाठी ‘रफ’ म्हणून मोकळा होतो, आणि निवांत बसून गोष्ट सांगू लागला की एकेक जुना शब्द बाहेर काढतो.