तायक्वांदो ब्लॅक बेल्ट टेस्ट: फॉर्म भरायच्या आधी हे बघून घ्या

आम्ही कोपरखैरण्याला राहतो, लेकीने मागच्या वर्षी तायक्वांदोची पहिल्या पूमची टेस्ट दिली आणि तेव्हापासून क्लासच्या बाहेर उभं राहिलं की कोणी ना कोणी आई-बाबा तेच विचारतात, फॉर्म कसा, कागद कुठले, वय किती. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिलं म्हणजे पूम आणि डॅन, या ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या. 15 वर्षं पूर्ण झालेली नसतील तर पोराला डॅन नाही, पूम मिळतो, आणि त्याचा बेल्ट अर्धा लाल अर्धा काळा असतो. आमच्याकडे आजीने बेल्ट बघून विचारलंच, "अर्धाच पास झाली का गं?" तर तसं काही नाही, टेस्ट पूर्णच असते, वयामुळे नाव वेगळं. 15 झाल्यावर पूमचा डॅन करून घेता येतो, फक्त तो आपोआप होत नाही, सरांकडून वेगळा अर्ज करावा लागतो, आणि दहावीच्या गडबडीत बरेच जण हे विसरतात.

पात्रता म्हणाल तर कलर बेल्ट सगळे झालेले हवेत, म्हणजे आपल्याकडे ब्लॅकच्या आधीच्या शेवटच्या बेल्टपर्यंत, रेड वनपर्यंत, आणि सरांनी हो म्हणायला हवं. पुढे मात्र थांबण्याचा काळ ठरलेला आहे: पहिल्या पूम किंवा डॅनवरून दुसऱ्याला 1 वर्ष, दुसऱ्यावरून तिसऱ्याला 2, तिसऱ्यावरून चौथ्याला 3. पोरगं कितीही भारी खेळू दे, यात घाई चालत नाही.

आता सर्टिफिकेट. सरांना सरळ विचारायचं, लाजायचं नाही: सर, हे कुक्कीवॉनचं येणार की फक्त असोसिएशनचं? कुक्कीवॉन म्हणजे सोलमधलं तायक्वांदोचं मुख्यालय, 1972 पासूनचं, जगभर चालतो तो डॅन तिथूनच नोंदवला जातो. पालकांना तिथे डायरेक्ट अर्ज करता येत नाही, चौथा डॅन किंवा त्याच्या वरचे मास्टरच नाव पाठवू शकतात, त्यामुळे तुमच्या सरांचा डॅन कमी असेल तर फॉर्म कोणाच्या नावाने जाणार हेही विचारून घ्या. सर्टिफिकेटवर नंबर असतो तो कुक्कीवॉनच्या साइटवर टाकून बघता येतो, हातात आलं की त्याच दिवशी बघा. फीचंही तसंच, टेस्टची फी, सर्टिफिकेटची फी, असोसिएशनची फी एकत्र आहे का वेगवेगळी, आणि पावती मिळणार का, हे आधी ठरवून घ्या म्हणजे नंतर तोंडं वाकडी होत नाहीत.

कागद तसे थोडेच, जन्मदाखला, आधार, आधीच्या बेल्टची सर्टिफिकेटं, पासपोर्ट साइज फोटो. पण आमचा सगळा घोळ इथेच झाला. लेकीचा जन्म साताऱ्याचा, पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे दाखला तिथल्या नगरपालिकेचा, आणि त्यावर नावाची जागा कोरी! बारसं नंतर झालं, नाव घालायला परत कोणी गेलंच नाही. नवी मुंबई महापालिकेत जाऊन उपयोग नसतो, जन्म जिथे नोंदवला तिथेच नाव घालून घ्यावं लागतं. माझ्या भावाने दोन खेपा घातल्या, तेव्हा कुठे फॉर्म गेला.

दुसरं म्हणजे स्पेलिंग. आपल्याकडे आधारवर मधे वडिलांचं नाव, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आणि एकाच आडनावाची घरात दोन-दोन स्पेलिंगं. सर्टिफिकेटवर नाव इंग्रजीत येतं, तेव्हा पासपोर्टवर जे आहे तेच अक्षर न अक्षर द्या, पासपोर्ट नसेल तर पुढे ज्या स्पेलिंगने काढणार ते. जन्मतारीख कोरियन पद्धतीने आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहितात, 5 जुलैचं 7 मे करून ठेवू नका. एकदा छापून आलं की दुरुस्तीला परत अर्ज आणि परत वाट बघणं, म्हणून सरांनी भरलेला फॉर्म पाठवायच्या आधी व्हॉट्सअॅपवर मागून घ्या आणि घरातल्या दोघांनी वाचा.

टेस्टमध्ये बेसिक किक-पंच, पूम्से म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, फाइट आणि फळी फोडणं. पोरं फळीला घाबरतात पण अडकतात पूम्सेत, कारण तेगुक नावाचे आठ पूम्से असतात, त्यातल्या पहिल्या ते आठव्यामधला कुठलाही करायला सांगू शकतात आणि सगळे महिनोन्महिने फक्त आठवाच घोटत बसलेले असतात. आमची चौथ्यात मधेच थांबली होती सरावात, मग रोज रात्री जेवणानंतर चिठ्ठ्या टाकायचो, जो नंबर निघेल तो हॉलमध्ये करून दाखवायचा, सोफा सरकवून. कोर्यो हा पुढचा पूम्से दुसऱ्या डॅनच्या टेस्टला लागतो, आत्ता त्याच्या मागे लागू नका.

आणि हो, दहावीचे ग्रेस मार्क बेल्टवर मिळत नाहीत, ते स्पर्धांवर मिळतात, दोन्हीची गल्लत करू नका.

टेस्टच्या दिवशी डोबोक म्हणजे तायक्वांदोचा ड्रेस धुतलेला, गार्डांवर मार्करने नाव, दमा असेल तर पंप बॅगेत आणि सरांना आधी सांगून ठेवलेलं. टेस्ट बहुतेक रविवारीच असते आणि सेंटर ठाण्याला असेल तर शनिवारीच ट्रान्स हार्बर लोकलचा मेगाब्लॉक आहे का बघा, आम्ही बघितला नव्हता, शेवटी ऐरोलीवरून रिक्षाने गेलो आणि पोरीने वॉर्मअप रिक्षातच केला.