यूव्ही फिल्टरचे पैसे पोलरायझरमध्ये घाला

नवी लेन्स घेतली की दुकानदार सोबत यूव्ही फिल्टर पुढे करतोच: 'धूसरपणा जातो, फोटो कडक येतो.' फिल्मच्या काळात हे खरं होतं, कारण फिल्मवर अतिनील किरणांचाही परिणाम व्हायचा. डिजिटल सेन्सरवर ते अडवणारी काच आधीच बसवलेली असते. म्हणजे यूव्ही फिल्टर आता निव्वळ संरक्षक काच. समुद्राचे तुषार किंवा धूळ असेल तिथे जरूर लावा. रात्री दिव्यांचे फोटो घेताना मात्र काढा, नाहीतर दिव्यांची उलटी, फिकट प्रतिबिंबं फोटोत उमटतात. पाकिटावरचं '८के' (व्हिडिओच्या बारकाव्याचा आकडा) वगैरे वाचून जास्त पैसे मोजू नका. परावर्तन रोखणारं कोटिंग आहे का, एवढंच पाहा.

पोलरायझर म्हणजे एकाच दिशेने दोलन करणारा प्रकाश आत सोडणारा, लेन्सपुढे फिरवता येणारा फिल्टर. त्याचं काम मात्र नंतर संगणकावर करता येत नाही. सूर्यप्रकाशाची दोलनं किरणाला काटकोनातल्या सगळ्या दिशांनी होतात. हा प्रकाश पाण्यावर पडला की पाण्यातले इलेक्ट्रॉन हलतात आणि त्यांच्यामुळेच परावर्तित किरण तयार होतो. पण इलेक्ट्रॉन ज्या दिशेने हलतो, त्या दिशेला तो प्रकाश टाकत नाही. त्यामुळे परावर्तित आणि अपवर्तित (पाण्यात शिरून वळलेला) किरण एकमेकांशी नेमके काटकोनात आले की परावर्तित प्रकाशात फक्त आडवी दोलनं उरतात. पोलरायझर उभ्या दोलनांना वाट देईल असा फिरवला की चकाकी गुल, पाण्याखालचे दगड दिसू लागतात. तेव्हाच्या आपाती कोनाचा (पाण्यावरच्या लंब रेषेपासून मोजलेल्या) टॅन्जंट म्हणजेच अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा. पाण्यासाठी तो १.३३, कोन सुमारे ५३ अंश. हिशोब सोपा आहे: कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंच असेल, तर १.५ × १.३३, म्हणजे साधारण दोन मीटर पुढच्या पाण्यावर परिणाम सर्वांत जास्त. दुकानाच्या काचेसमोर सरळ उभे राहिलात तर काहीच जाणार नाही, तिरपे व्हा. उघड्या धातूची चकाकी तर तिरप्यानेही फारशी हलत नाही.

पावसाळ्यात सह्याद्रीत ढगाळ हवेतही हा फिल्टर लावावा. ओल्या पानांवरची पांढरी झाक जाऊन खरा हिरवा रंग येतो. निळं आकाश सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत गडद होतं. म्हणूनच २४ मिमीपेक्षा रुंद लेन्सवर, जिच्यात आकाशाचा मोठा भाग मावतो, काळसर पट्टा पडतो; तेव्हा फिल्टरची रिंग थोडी मागे फिरवा. इंद्रधनुष्याचा प्रकाशही ध्रुवीकृत, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेच्या दोलनांचा असतो, चुकीच्या बाजूला फिरवलंत तर ते पुसलं जातं! प्रकाश एक ते दोन स्टॉप घटतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा): १/१२५ चा शटर १/३० पर्यंत उतरू शकतो.

घेताना 'सर्क्युलर' घ्या. त्यात मागे पाव-तरंग पट्टी असते, म्हणजे एका दिशेच्या दोलनांना गोल फिरती करणारा थर. तिच्यामुळे डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) ऑटोफोकस आणि प्रकाशमापन गडबडत नाही. मापासाठी लेन्सवर ⌀ पुढचा आकडा पाहा. ६७ आणि ७७ अशा दोन लेन्स असतील तर ७७ चा फिल्टर आणि एक स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) पुरते. दुकानातच खात्री करा: लेन्सवर बसते ती आट्यांची बाजू आरशाकडे धरून फिल्टरमधून आरशातला फिल्टर पाहा. तो काळपट दिसला आणि उलटा धरल्यावर उजळला, तर माल सर्क्युलर. दोन्ही बाजूंनी उजळच दिसला तर परत द्या.