पशुवैद्यकांमधील ब्रुसेलोसिस

ब्रुसेलोसिस किंवा सांसर्गिक गर्भपात हा ब्रुसेला प्रजातीच्या जिवाणूंमुळे जनावरांना होणारा आणि त्यांच्यापासून माणसाला जडणारा रोग असून, गाई-म्हशी व शेळ्या-मेंढ्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकांच्या व्यवसायजन्य आजारांत त्याला महत्त्वाचे स्थान आहे. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जिवाणू वेगळा केला, तर डेन्मार्कमधील बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्ये गाई गाभडण्यास कारणीभूत जिवाणू शोधला; तो त्याचीच एक जाती असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

बाधित गाय बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते. गाभण गाईच्या गर्भाशयात एरिथ्रिटॉल ही शर्करा-अल्कोहोल विपुल असते आणि ती जिवाणूंना मानवत असल्याने वार, गर्भजल व मृत गर्भ यांत त्यांची प्रचंड वाढ होते. नेमक्या अशाच वेळी पशुवैद्यकाला बोलावणे येते. वार अडकलेली असल्यास गर्भाशयात कोपराच्याही वर हात घालून, चाचपत, वारेच्या गाठी एकेक करून सोडवाव्या लागतात. त्यात प्लास्टिकचा लांब हातमोजा बोटाशी फाटतो किंवा स्राव बाहीतून आत उतरतो. कातडीवरची बारीकशी चीर, डोळ्यात उडालेला थेंब किंवा श्वासावाटे गेलेले तुषार संसर्गाला पुरेसे होतात. साध्या प्रसूतीपेक्षा गाभडलेल्या जनावराची हाताळणी अधिक धोक्याची आहे, तरीही पुष्कळदा ती गोठ्यात उघड्या हातांनीच उरकली जाते.

धोक्याचा दुसरा मार्ग लसीकरणाचा आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना ब्रुसेलोसिसची लस देण्यात येते. यासाठी वापरली जाणारी स्ट्रेन १९ ही लस जिवंत जिवाणूंची असून ती माणसालाही रोग लावू शकते. कालवडीने हिसका दिला की सुई लस टोचणाऱ्याच्याच बोटात शिरते. म्हणून जनावर नीट आवळून धरणे आणि डोळ्यांवर चष्मा असणे आवश्यक ठरते.

माणसात लक्षणे बहुधा एक ते चार आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांनी दिसतात: चढउतार होणारा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर व सांधे धरणे, पुरुषांत वृषणाला सूज. ही लक्षणे टायफॉइड, मलेरिया किंवा क्षयासारखी वाटत असल्याने निदान लांबते, आणि दरम्यान मणक्याला किंवा हृदयाच्या झडपांनाही इजा होऊ शकते. रुग्णाचा व्यवसाय विचारला गेला तर हा विलंब बराचसा टळेल. निदान रोझ बंगाल, एलायझा यांसारख्या रक्तचाचण्या व रक्तसंवर्धनाने होते. उपचारात डॉक्सिसायक्लीनबरोबर रिफॅम्पिसिन किमान सहा आठवडे देतात. औषध मध्येच सोडल्यास आजार उलटतो. लसीची सुई टोचल्यास जखम लगेच धुऊन, ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरकडे जावे. अशा वेळी हीच औषधे प्रतिबंधासाठी साधारणपणे तीन आठवडे दिली जातात.

माणसासाठी सर्वत्र वापरता येईल अशी लस उपलब्ध नाही. बाधित जनावरे चाचणीने शोधून मारण्याचा मार्ग काही देशांनी यशस्वीपणे अवलंबला. महाराष्ट्रात मात्र गोवंशहत्याबंदीमुळे बाधित गाय गोठ्यातच राहते किंवा बाजारातून दुसऱ्या गोठ्यात जाते, आणि तिच्या पुढच्या वेतालाही पशुवैद्यकालाच बोलावले जाते.