कर्बल स्पेस प्रोग्रॅम इटालियनमध्ये यायला सात वर्षं का लागली

मार्च २०१८ मध्ये कर्बल स्पेस प्रोग्रॅम या रॉकेट बांधून उडवायच्या कॉम्प्युटर गेमचं १.४ व्हर्जन आलं आणि फ्रेंच, जर्मन, ब्राझिलियन पोर्तुगीजसोबत त्यात इटालियनही आली. गेम लोकांच्या हातात पडला होता जून २०११ मध्ये, म्हणजे जवळपास सात वर्षं इटलीतली पोरं रॉकेट बांधत होती, पाडत होती, ऑर्बिटमध्ये नेत होती आणि हे सगळं इंग्लिश वाचून. आता कोणी म्हणेल छोटी कंपनी, पैसे नसतील, तेही असेल, पण खरी अडचण वाक्यांची होती आणि ती मराठी माणसाला पटकन कळेल म्हणूनच हे लिहितोय.

गेम बनला मेक्सिको सिटीत, स्क्वॉड नावाच्या कंपनीत, डोकं ब्राझीलच्या फेलिपे फलांगेचं. म्हणजे शहराची किंवा फलांगेची भाषा इंग्लिश नसताना गेम इंग्लिशमध्ये, आणि ज्या शहरात बनला तिथली स्पॅनिशसुद्धा आत आली ती मे २०१७ मध्ये, १.३ व्हर्जनला, रशियन, जपानी आणि चायनीजबरोबर. तोवर मेनू, बटणं, मेसेज सगळं कोडमध्येच पक्कं बसवलेलं होतं. रॉकेटच्या पार्ट्सची नावं आणि वर्णनं मात्र साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असायची, ती नोटपॅडमध्ये उघडून कोणीही बदलू शकायचं, त्यामुळे हौशी लोक इंजिनाचं वर्णन आपल्या भाषेत करून घ्यायचे पण वरचं बटण इंग्लिशच राहायचं. १.३ ला काय केलं तर गेममधलं एकेक वाक्य उपसून बाहेर काढलं, प्रत्येकाला नंबर दिला आणि भाषेगणिक एकेक डिक्शनरी फाइल बनवली. हे काम बाहेरून दिसत नाही, स्क्रीनवर नवीन काहीच येत नाही, पण माझ्या मते त्या गेमच्या इतिहासातलं ते सगळ्यात कष्टाचं काम असणार.

आता वाक्यांचं बघू. इंग्लिशमध्ये 'अमुक लँडेड ऑन तमुक' लिहून दोन जागा रिकाम्या सोडल्या की झालं, कोणीही कुठेही उतरवा. मराठीत गेममधला अंतराळवीर जेब उतरला, त्याची सहकारी वॅलेंटिना उतरली, यान उतरलं. इटालियनमध्ये नपुंसकलिंग नाही पण बाकी भानगड तीच, पुरुष असेल तर आत्तेर्रातो, बाई असेल तर आत्तेर्राता. आणि वॅलेंटिना हे पात्र गेममध्ये आलं एप्रिल २०१५ ला, १.० व्हर्जनमध्ये, त्याआधी सगळे कर्बल, म्हणजे गेममधले अंतराळवीर, पुरुषच, त्यामुळे तोवर हा प्रश्न अर्धाच होता. शिवाय 'वर' हा शब्दही एकसारखा राहत नाही, मंगळावर म्हणताना नुसतं सु, सूर्यावर म्हणताना सुल आणि चंद्रावर म्हणताना सुल्ला, कारण सूर्य-चंद्राच्या नावाला आर्टिकल लागतं, मंगळाला नाही. आपल्याकडे ग्रह चा ग्रहावर होतो तसंच काहीसं. म्हणून स्क्वॉडने लिंगूना नावाचं व्याकरणाचं इंजिन आत बसवलं. प्रत्येक नावाच्या शेवटी एक खूण आणि एक अक्षर, हे नाव पुल्लिंगी की स्त्रीलिंगी की नपुंसक, ते वाचून इंजिन वाक्य जुळवतं. प्लेअरला ती खूण दिसत नाही.

ही अडचण काही कर्बलपासून सुरू झालेली नाही. १९८४ साली केंब्रिजमधल्या डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या दोन विद्यार्थ्यांनी एलिट नावाचा अवकाशातला गेम बनवला, ३२ केबी मेमरीच्या बीबीसी मायक्रोवर, आणि त्यात आठ गॅलेक्सी, प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे २०४८ ग्रह बसवले. प्रत्येक ग्रहाची एक ओळीची माहिती होती, लावे नावाचा ग्रह त्याच्या अफाट जंगलांसाठी प्रसिद्ध वगैरे. ही माहिती कुठे साठवलेली नव्हती, शब्दांच्या याद्यांमधून गणिताने शब्द उचलून वाक्य तिथल्या तिथे तयार व्हायचं. फार सुंदर युक्ती आहे ही, पण चालते कारण इंग्लिशमधलं 'अफाट' जंगलापुढेही तेच आणि समुद्रापुढेही तेच. इटालियनमध्ये जंगलं असतील तर वास्ते फोरेस्ते आणि महासागर असतील तर वास्ति ओचेआनी, म्हणजे नुसत्या याद्या भाषांतर करून वाक्य चुकीचंच निघणार, वाक्य जोडणारा भागच नव्याने लिहायला हवा.

त्याच काळात इटलीत गेम यायचे पेपरच्या स्टॉलवर, एदिकोलावर, मासिकासोबतच्या कॅसेटमधून. बाहेरचे गेम क्रॅक करून, नाव बदलून, मूळ कंपनीचं नाव पुसून भलत्याच इटालियन नावाने विकले जायचे. हे उघडउघड चालायचं, कारण सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटचा स्पष्ट कायदा तिकडे डिसेंबर १९९२ मध्ये झाला. ज्यांनी गेम बनवले त्यांच्यावर हा अन्यायच होता, पण एक पूर्ण पिढी गेम शिकली ती याच कॅसेटवर. नंतर कंपन्यांनी रीतसर भाषांतरं सुरू केली तेव्हा इटालियनला फ्रेंच, जर्मन, स्पॅनिशच्या बरोबरीची जागा मिळाली, चारही भाषांच्या आद्याक्षरांवरून धंद्यातले लोक आजही 'फिग्स' म्हणतात.

शब्दांची अडचण मात्र इटालियनला फारशी नव्हती, अवकाशाचे शब्द तिच्याकडे आधीपासूनच आहेत. जमिनीवर उतरणं आत्तेर्राज्जो, पाण्यात उतरणं आम्माराज्जो, चंद्रावर उतरणं आल्लुनाज्जो, आणि मंगळासाठी आम्मार्ताज्जो, जो ऑक्टोबर २०१६ मध्ये स्कियापारेल्ली नावाचं लँडर मंगळावर आदळलं तेव्हा तिकडच्या बातम्यांत होता. २० जुलै १९६९ ला रात्री सव्वादहाच्या सुमारास रोममधल्या स्टुडिओतून टीव्ही निवेदक तीतो स्तान्यो अपोलो ११ चं चंद्रावर उतरणं लाइव्ह सांगत होता, कानात इंग्लिश आणि तोंडाने इटालियन, आणि यान टेकायच्या साधारण मिनिटभर आधीच तो ओरडला, 'आ तोक्कातो!', म्हणजे टेकलं! ह्यूस्टनमधून वार्ताहर रुज्जेरो ओर्लांदो म्हणतोय नाही, अजून दहा मीटर बाकी आहेत, आणि दोघांचा वाद लाखो घरांत ऐकू गेला. भाषांतर करणाऱ्याला कानावर आलेल्या अर्ध्या वाक्यावर किती भरवसा ठेवायचा हे ठरवावं लागतं, ते तेव्हा सगळ्या देशाने ऐकलं.

उलट्या दिशेचा किस्सा तर त्याहून जुना. ज्याच्या नावाचं ते लँडर होतं त्या जोव्हान्नी स्कियापारेल्लीने १८७७ मध्ये मिलानच्या ब्रेरा वेधशाळेतून मंगळावर रेषा पाहिल्या आणि त्यांना 'कानाली' म्हटलं. या शब्दात नैसर्गिक प्रवाहही बसतात आणि खोदलेले कालवेही, इंग्लिशमध्ये गेले ते नुसते कालवे, आणि कालवे म्हटल्यावर ते खोदणारे कोणीतरी आलेच. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लॉवेलने पुढे त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली.

आणि मग कर्बलमधला विनोद. गेम लोड होताना खाली छोट्या ओळी येतात, त्यातली एक म्हणजे 'प्रत्येक शब्दात के घालतोय', कारण कर्बल, त्यांचा ग्रह कर्बिन, त्यांचं आडनाव कर्मन, सगळ्यांची सुरुवात इंग्रजी के ने. इटालियनच्या मूळ वर्णमालेत २१ च अक्षरं आहेत आणि के त्यात नाहीच, ते पाहुणं अक्षर. वर एसएमएसच्या जमान्यात तिकडच्या पोरांनी 'के' हा आवाज सीएचऐवजी नुसत्या के ने लिहायला सुरुवात केली आणि शिक्षक लोक त्यावर चिडायचे. त्यामुळे तीच ओळ जशीच्या तशी आणली तरी इटालियन पोराला त्यात शाळेतलं ओरडणं ऐकू येणार, मूळ ओळीत ते नव्हतंच. पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांच्या यादीत एक 'रस्त्याच्या कडेला पडलेलं सापडलं' अशीही आहे, ती कुठल्याही भाषेत हसवते, तिला काही करावं लागत नाही. पण प्रत्येक प्रयोगाचे, प्रत्येक ग्रहावरचे ते दोन-तीन ओळींचे सायन्स रिपोर्ट, त्यात माहिती आणि चेष्टा एकत्र मळलेली असते, तिथे एकेका ओळीसाठी बसावं लागतं.

१.३ नंतर मॉड, म्हणजे गेमला हौशी लोकांनी जोडलेली भर, बनवणाऱ्यांनाही तीच डिक्शनरीची पद्धत वापरता आली, त्यामुळे जून २०२१ मध्ये १.१२ हे शेवटचं मोठं व्हर्जन आल्यावरही मॉडसाठी भाषेच्या फाइली भरता येतात. कोणीतरी नवीन ग्रह बनवतो, नाव ठेवतो, आणि नावाच्या शेवटी ती व्याकरणाची खूण टाकून ठरवतो की हा ग्रह 'तो' की 'ती'.